बंदिश लिहायची नाही

तीन आठवड्यांपूर्वी कॉलेजात प्रॅक्टिकल चालू असताना रामटेके सरांच्या पत्नीचा, म्हणजे आमच्या काकूंचा, फोन आला. सर गेले, एवढंच त्या बोलल्या. गुरूचं नाव निघालं की कानाला हात लावायची आम्हा गाणाऱ्यांची रीत. माझा हात डाव्या कानाकडे गेला आणि आधी सुटल्यासारखं वाटलं... हे लिहिताना लाज वाटते. त्या कानानं मला कमी ऐकू येतं. ते सरांनी केलं.

सर दिवसा शाळेत संगीत शिकवायचे आणि संध्याकाळी रायपूरच्या गुढियारी वस्तीतल्या आपल्या दोन खोल्यांत आम्हाला. शहर छत्तीसगडची राजधानी झाल्यावर समारंभ वाढले, पण त्यांना बोलावणं क्वचितच यायचं. त्यांनी बांधलेल्या बंदिशींत राधा-कृष्ण नसायचे; कोळशाची धूळ, रेल्वेचं बंद फाटक, मालगाडीच्या डब्याखाली झोपलेली कुत्री असायची. मारवा रागातली 'धूल चढ़े, गाड़ी न आवे' ऐकली की घरी जाईपर्यंत मी तीच गुणगुणायचे. त्यांचा एकच नियम होता, बंदिश लिहायची नाही. गळ्यात राहील तीच खरी. समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, चुकलं की तबल्याची हातोडी बोटांवर यायची.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. लिहिल्याशिवाय शिकता येतं हेच मला माहीत नव्हतं. ओढणीखाली वही ठेवून मी लिहायचे. एक दिवस त्यांनी पाहिलं. वही फाडली आणि कानाखाली इतक्या जोरात मारलं की मी तानपुऱ्यावर पडले. भोपळा फुटला. कानातून रक्त आलं.

बाबा मालधक्क्यावर हमाली करतात. दुसऱ्या दिवशी शिकवणी चालू असतानाच ते आत शिरले, सरांची कॉलर धरून त्यांना भिंतीवर आपटलं, तोंडावर मारलं. चष्मा फुटला, ओठ फाटला.

"माह्या पोरीले मी कधी बोट नाही लावलं. तू काहून मारलं बे?"

सरांनी हात उचलला नाही. रक्त पुसत म्हणाले, "मारा भाऊ, अजून मारा. पण तिचा अंतरा बाकी आहे. उद्या पाठवजा."

मी गेले. बाबांशी भांडून गेले. का, ते अजून नीट सांगता येत नाही... सुजलेल्या तोंडानं त्यांनी अंतरा शिकवला. माफी मागितली नाही. मला पुन्हा मारलं नाही. दुसऱ्यांना मारत राहिले, आणि मी गप्प बसले.

मागच्या रविवारी काकूंनी बोलावलं. सरांनी कागदावर काहीच ठेवलं नव्हतं. बंदिशी त्यांच्याबरोबरच जातील, ही काकूंची भीती. जुन्या विद्यार्थ्यांना त्यांनी फोन केले होते; एकजण "काकी, मेरी उँगली आज भी टेढ़ी है" म्हणाला आणि फोन ठेवून दिला. मला येतात तेवढ्या लिहून दे म्हणाल्या. नऊ येत होत्या. मी लिहिल्या, आणि मारव्यातल्या बंदिशीखाली कानाचंही लिहिलं. वाटलं, त्या पान फाडतील. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"मलेबी मारत," त्या म्हणाल्या. "तेबी लिही."

मग तिथंच, भाजीची परात मांडीवर घेऊन, त्या गायला लागल्या. मी कधीच न ऐकलेली बंदिश. मग दुसरी. स्वयंपाकघरातून ऐकत ऐकत त्यांनी सगळ्या उचलल्या होत्या. त्यांना कोणी कधी विचारलंच नव्हतं.

आता मी रोज जाते. त्या गातात, मी लिहिते. सूर पक्का, लय पक्की. फक्त सम जवळ आली की त्यांचे खांदे एकदम वर येतात, मान आत जाते... अजून.