अर्बाबचं जहाज आणि लंडनचा केशरी ठिपका

इरफानचा फोन आला तेव्हा मी मस्कतमधल्या अल् खुवैरच्या ऑफिसात लंडनहून आलेला एका चॅनेलचा नवा लोगो बघत होतो. लोगो म्हणजे एक केशरी ठिपका. तो ठिपका का आणि कशासाठी, हे समजावणारी जाडजूड पीडीएफ सोबत होती.

"साहेब, मी काय एक केलेलं नाय हो," इरफान म्हणाला. "फकत कार्ड बदललं. अर्बाब बोलतो, चॅनेल परत आण, नायतर पासपोर्ट घे न् जा."

ओमानची सुट्टी गुरुवार-शुक्रवारची शुक्रवार-शनिवार झाली, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. आमची कंपनी परदेशी चॅनेल्स हॉटेलांना आणि फर्निश्ड अपार्टमेंटना पुरवायची, आणि मी विक्री बघायचो. अशा प्रत्येक ठिकाणी एक खोली असते, तिला हेडएंड म्हणतात. छतावरच्या डिशचा सिग्नल तिथे येतो आणि तिथून वायरीने सगळीकडे जातो. रिसीव्हरमध्ये कंपनीचं कार्ड घातलं की चॅनेल उघडतं. मस्कतबाहेर रुस्ताक गावात आमच्या एका मोठ्या क्लायंटच्या इमारती होत्या. तोच अर्बाब, म्हणजे मालक. त्याचं हेडएंड रत्नागिरीचा इरफान सांभाळायचा, आणि तो अर्बाबच्याच व्हिसावर होता. मालकाने एनओसी न देता व्हिसा कॅन्सल केला, तर माणसाला दोन वर्षं ओमानमध्ये परत येता येत नसे. इरफानच्या गावाकडच्या घराचा स्लॅब तेव्हा अर्धाच टाकून झाला होता.

आता चॅनेलबद्दल. ब्रिटिश चॅनेल, माहितीपटांचं. नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण नंतर ते आणखी दोनदा बदललं. सुरुवातीला त्याच्या नावातच इतिहास होता. किल्ले, लढाया, जुनी जहाजं, आणि पडक्या भिंतीसमोर उभे राहून हळू आवाजात बोलणारे प्रोफेसर. मग कुणीतरी सर्व्हे केला आणि इतिहास म्हाताऱ्यांना आवडतो असा भयंकर शोध लागला. लगेच नावातून इतिहास गेला. मग प्रोफेसर गेले. शेवटी साबणाला किंवा बिस्किटालाही चाललं असतं असं एकशब्दी नाव आलं, आणि पडद्यावर भंगाराच्या बोली लावणारे आणि पैजेवर बर्गर खाणारे लोक आले. या प्रकाराला फॅक्च्युअल एंटरटेनमेंट म्हणतात. बर्गर खरा असतो, एवढंच त्यातलं फॅक्च्युअल.

आमचा अर्बाब नेमका त्या म्हाताऱ्यांपैकी. त्याचे आजोबा लाकडी जहाजावरून मुंबईला खजूर नेत. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर हा चार दोस्तांसह मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, बसून जहाजांचे कार्यक्रम बघायचा. इंग्रजी कळत नसे, जहाज कळायचं. नव्या ब्रँडसाठी सगळीकडे नवी कार्डं घालायची होती. इरफानने दुपारी कार्ड बदललं आणि संध्याकाळी जहाजाच्या जागी बर्गर आला. अर्बाबच्या दृष्टीने तपास संपला होता.

मी फोन करून समजावलं, की हे लंडनने केलंय. अर्बाबला हिंदी उत्तम यायचं. तो शांतपणे म्हणाला, "तुम दोनो एक मुलुक का आदमी. तुम तो बोलेगा."

मी आणि इरफान त्याच्यासमोरच मराठीत बोलायचो, हे त्याने कधीच टिपून ठेवलं होतं. लंडनचं पत्र दाखवावं म्हटलं, तर त्यात प्रेक्षकांचं नव्या प्रवासात स्वागत होतं. जहाज काढल्याचा उल्लेख कुठेच नव्हता. मी बॉसकडे गेलो. बॉस म्हणाला, टेक्निशियन क्लायंटचा आहे, आपला नाही. मला संताप आला. मी नम्रपणे "राइट सर" म्हणालो आणि बाहेर आलो.

त्याच आठवड्यात लाँचसाठी लंडनहून फियोना आली. ब्रँड डायरेक्टर. ठिपका तिचाच. तिला खऱ्या प्रेक्षकाला त्याच्या घरी भेटायचं होतं. मी म्हटलं, आमच्याकडे एक फार निष्ठावान प्रेक्षक आहे. वाटेत किल्लाही दाखवतो.

मजलिसमध्ये पाहुण्याने काही खाल्ल्या-प्यायल्याशिवाय कामाचं बोलायचं नसतं. हलवा आला, काहवा म्हणजे बिनदुधाची कॉफी आली. पुरे असेल तर रिकामा कप हलवून परत द्यायचा, हे फियोनाला माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. तिला कपामागून कप मिळत गेले. इरफान दाराशी उभा होता, त्याचा चेहरा उतरलेला होता. पाहुणीचा मान राखून झाल्यावर अर्बाबने टीव्हीकडे बोट केलं.

"मॅडम, जहाज किधर?"

मी भाषांतर केलं. एक शब्दही वाढवला नाही. मग माझ्या वतीने विचारलं, हे इथल्या टेक्निशियनकडून बिघडलं असं त्यांना वाटतंय, तसं आहे का?

फियोना दुखावली. "नो, नो, नथिंग इज ब्रोकन," ती म्हणाली. "वी डिड इट. ऑन पर्पज."

मग तिने पाऊण तास उत्साहाने सांगितलं, की जुने कार्यक्रम तिने स्वतः कसे काढले, आणि जुना प्रेक्षक हळूहळू गळावा अशीच योजना कशी होती. मी इमानदारीने सगळं हिंदीत सांगत गेलो. इतकं मन लावून मी आयुष्यात कुठलंच काम केलं नव्हतं.

अर्बाब उठला, त्याने इरफानला हाताला धरून आत आणलं, आपल्या शेजारी बसवलं आणि स्वतःच्या हाताने काहवा ओतून दिला. मला भरून आलं. फियोनाने फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी अर्बाबच्या माणसाचा फोन आला. सगळ्या इमारतींतून ते चॅनेल खलास. माझं वर्षाचं टार्गेट तिथेच बुडालं, आणि बॉसने मला ते डिसेंबरपर्यंत विसरू दिलं नाही. फियोनाच्या रिपोर्टमध्ये मात्र, रुस्ताक भागात ब्रँडशी घट्ट भावनिक नातं दिसलं, असं होतं. सोबत तो फोटो.

इरफानने पुढच्या सुट्टीत स्लॅब पूर्ण केला. मी या प्रकरणातून एवढंच शिकलो, की आपल्या माणसाला वाचवायचं असेल तर त्याची बाजू मांडत बसू नये. ज्यांनी घोळ घातला, त्यांना त्याबद्दल अभिमानाने बोलू द्यावं.