खळ्यावरचे घर आणि फिरता ओळंबा

तारीख ४ मार्च १९५६, रविवार. ठिकाण कुरुळी, माझ्या अर्ध्या बांधलेल्या घराचे जोते. मागितलेली रक्कम एक्कावन्न रुपये आणि वर एक बोकड. मागणारा शेजारच्या गावचा भगत. हजर माणसे: मी, माझी पत्नी सरू, माझे थोरले बंधू – ज्यांना सारे गाव दादा म्हणते – आणि बाबू गवंडी. ती रक्कम मी दिली नाही. आजही देणार नाही.

हे आधीच सांगतो, कारण या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो. बहुतेकांच्या शेवटी लेखक कुठेतरी नारळ फोडून मोकळा झालेला असतो. माझा भुताखेतांवर तेव्हा विश्वास नव्हता आणि आताही नाही. मी पिंपरीच्या एका कारखान्यात टाइमकीपर आहे. माणूस फाटकातून आत आला तर तो आला. ‘मनाने आलो होतो’ म्हणणाऱ्याची हजेरी मी लावत नाही. पण ओळंबा मी डोळ्यांनी पाहिला आहे, म्हणून लिहितो. शिवाय स्वतः घर बांधायला निघालेल्यांना त्यातून दोन उपयोगाच्या गोष्टीही मिळतील.

पिंपरीत आम्ही एका खोलीत भाड्याने राहत होतो. मालकाने सांगितले, जावई येतोय, पावसाच्या आत खोली रिकामी करा. दुसरी खोली मिळेना. तेव्हा ठरवले, गावी आपल्या वाट्याच्या जमिनीत घर बांधायचे आणि सायकलने कामावर जायचे. माझ्या वाट्याला वडिलांचे जुने खळे आले होते. वडील गेल्यावर दादांनी आपले खळे पलीकडच्या पट्टीत नेले होते. हे पडून होते.

खळे म्हणजे मळणीची जागा, हे शहरी वाचकांसाठी सांगतो. जमीन ठोकून, शेणाने सारवून दगडासारखी करतात. मधोमध एक खांब पुरतात, त्याला तिवडा म्हणतात. बैलांची पात त्याभोवती गोल फिरते आणि कणसे तुडवते. वर्षानुवर्षे तुडवलेली जमीन! मी हिशेब केला: एवढ्या टणक जागेवर पाया निम्मा खणला तरी चालेल. दगड वाचेल, मजुरी वाचेल.

दादा म्हणाले, “खळ्यावर घर बांधत्यात व्हय रं यशवंता? कुणी बांधलेलं बघितलंयस?”

“कुणी बांधले नाही म्हणून बांधू नये, असं कुठं आहे?”

“तू शिकलायस. तुला काय सांगायचं,” असे म्हणून ते पानाला चुना लावत बसले.

(पहिला सल्ला इथेच देतो: टणक जागा पाहून पाया कमी करू नका. वरचा थर टणक असतो, खाली काय आहे ते खणल्याशिवाय कळत नाही. मला एका कोपऱ्यात पुन्हा खणावे लागले. यात अमानवी काही नाही, निव्वळ माझा लोभ होता.)

भिंती दगड-मातीच्या घेतल्या. चुना परवडत नव्हता, सिमेंटचे तर नावच नको. मातीतली भिंत उघडी ठेवून चालत नाही. डोक्यावर छप्पर नसेल तर एका पावसाळ्यात दगड तेवढे उरतात. माझी सगळी बचत त्या भिंतींत होती. म्हणजे गोष्ट सरळ होती – पावसाच्या आत कौले चढली तर घर, नाही तर ढिगारा, आणि आम्ही दोन मुले घेऊन रस्त्यावर.

दोन्ही त्रिकोणी भिंती उभ्या राहिल्या. त्यांच्यावर आढे, म्हणजे छपराच्या माथ्याचे आडवे लाकूड, टाकले. आढे लांब, म्हणून मध्ये खांबाचा आधार हवा. खांब नेमका आढ्याखाली यावा म्हणून बाबूने आढ्याच्या मध्यावरून ओळंबा सोडला. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेला लोखंडी गोळा. तो स्थिर झाला की त्याच्या टोकाखाली खूण करायची. पाव घटकेचे काम.

तो स्थिर होईना.

आधी आम्हांला वाटले, वारा. बाबूने हाताने धरला, सोडला. थोडा वेळ लटकला... आणि मग हळूहळू फिरू लागला. मागे-पुढे झोके नव्हेत, गोल. टोपलीच्या तोंडाएवढे वर्तुळ, एका चालीने, घाई नाही की विसावा नाही.

“दोरीला पीळ असेल,” मी म्हणालो.

“पिळानं गोळा सोताभवती फिरतो, टाइमकीपर. हा गावजत्रंत निघाल्यावानी फिरतोय.”

मी दोरी बदलली. दारे-खिडक्यांच्या मोकळ्या जागांना गोणपाटे लावली. गोळा काढून अर्धी वीट बांधली. वीट फिरली. मग तीच दोरी तीन हात बाजूला, आढ्याच्या दुसऱ्या जागी बांधली. तिथे वीट शहाण्यासारखी लटकली. परत मध्यावर आणली... फिरली.

बाबूने थापी धुतली, फडक्यात गुंडाळली. “माझी सांजपोतूरची मजुरी राहू द्या तुमच्याकडं. मी उद्यापास्नं न्हाई येत.”

“अरे, खांबाचं काम अर्धवट टाकून?”

“राव, माझ्या बापानं मला ओळंब्यावर इस्वास ठेवायला शिकवलं. त्योच भरकटाय लागला तर मी भिंत कुणाला इचारून बांधू?”

आणि गेला. दुसऱ्या दिवशी गावभर झाले. तिसऱ्या दिवशी भगत आला. त्याला कोणी बोलावले ते मला अजून कळले नाही. ओळंब्याच्या दिवशी मी रजा काढली होती, हा रविवार होता, म्हणून मी गावीच होतो. दादांनी बाबूलाही धरून आणले. भगत जोत्यावर चढला नाही. खालूनच त्याने डोळे मिटले, उघडले आणि सांगितले की जागा धरलेली आहे. वर्षभर काम बंद ठेवायचे, बोकड द्यायचा, एक्कावन्न रुपये द्यायचे, मग तो बघेल.

“वर्षभर?” मी म्हणालो. “मध्ये पावसाळा आहे. भिंती कोण बघेल? तू?”

“मालक, भिंती महत्त्वाच्या का लेकरं?”

हे वाक्य त्याने सरूकडे बघून टाकले. बरोबर जागी टाकले, असे मला वाटले, कारण दोन दिवस ती माझ्याशी फारसे बोलली नव्हती. ती पदर खोचून उभी होती. म्हणाली, “एक्कावन्न रुपयांत पुढच्या पाख्याची कौलं होतात, भगतबुवा. बोकडात मागच्याची.”

दादा खोकल्याआड हसले. भगत मात्र निघाला नाही.

मी सगळ्यांना आत नेले, बाबूचा गोळा पुन्हा मध्यावर टांगला आणि तो फिरू लागल्यावर जाहीर केले की याला कारण आहे. पलीकडच्या पट्टीत दादांच्या खळ्यावर मळणी चालू होती, गड्याने पात धरली होती. चार बैल गोल फिरतात, जमीन थरथरते, टणक जमिनीतून ती थरथर इथे येते आणि ओळंबा तशीच चाल धरतो. मला माझी कल्पना फार आवडली होती. “दादा, तुमची पात थांबवा. हा लगेच थांबेल.”

दादांनी बांधावर जाऊन गड्याला हाक मारली. पात थांबली. बैलांनी माना खाली घातल्या, ते आम्हांला गोणपाट सारून दिसत होते. आम्ही सगळे ओळंब्याकडे बघत राहिलो.

ओळंबा फिरत होता.

दादा आत आले. त्यांनी बराच वेळ पाहिले – गोळ्याकडे नाही, त्याच्याखालच्या जमिनीकडे. मग पायाने माती सारली. खाली लाकडाचा एक काळा वाटोळा बुंधा होता, जमिनीबरोबर कापलेला. वडिलांचा तिवडा. खळे हलवताना तो उपटण्याऐवजी कुणीतरी करवतीने कापला होता.

“त्याच बाजूनं फिरतोय,” दादा म्हणाले. “आपली पात फिरायची त्या बाजूनं.”

“दोनच बाजू असतात, दादा. एक कुठली तरी असणारच.”

त्यांनी ऐकले नाही. जीभ टाळ्याला लावून चुचकारले आणि वडील द्यायचे तशी हळू हाक दिली, “होऽऽ... होऽ सर्ज्या... होऽऽ.”

सर्ज्या हा वडिलांचा तिवड्याजवळ चालणारा बैल. तो मरून किती तरी वर्षे झाली होती.

वर्तुळ लहान झाले. आणखी लहान झाले. गोळा थांबला. दोरी सुतासारखी सरळ.

भगत जोत्यावरून खाली उतरला. बाबू भिंतीला टेकला. मी – आणि हे लिहायला मला लाज नाही – लगेच म्हणालो की लटकणारी कुठलीही वस्तू कधीतरी थांबतेच. तेवढ्यात तो पुन्हा फिरू लागला. मग मी स्वतः हाक दिली. तेच शब्द, तोच सूर, माझ्या समजुतीने. “होऽऽ... होऽ सर्ज्या.”

थांबला नाही.

“तू पातीवर कधी होतास?” दादा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. मी खरेच नव्हतो. मी पुण्याला शाळेत होतो.

त्यांनी पुन्हा हाक दिली. थांबला. मी पुन्हा दिली, नाही. हे आम्ही किती वेळा केले याची गंमत वाटेल, पण मी समाधान होईपर्यंत करत राहिलो आणि समाधान झाले नाही. शेवटी दादाच म्हणाले, “पुरं कर. दमली असतील.”

“कोण दमली असतील?”

ते पानाला चुना लावू लागले.

मग भगताने रक्कम पुन्हा सांगितली. आता आवाज खालचा होता आणि बोकड कोंबड्यावर आला होता. मी नाही म्हणालो. यात काही आहे हे मी मान्य केले. पण काय आहे हे त्यालाही माहीत नव्हते, आणि ज्याला माहीत नाही त्याला मी मजुरी देत नाही.

“मग काय करनार?” बाबूने विचारले. “खांब तर हितंच यायला पायजे.”

बोलली ती सरू. “अहो, खांब इथंच होता ना? त्यांचा खांब कापला, म्हणून मोकळे फिरतायत. परत द्या की त्यांना खांब. आपल्यालाही तोच हवाय.”

मी तिच्याकडे बघतच राहिलो. विश्वास ठेवा अगर न ठेवा, हिशेब दोन्ही बाजूंनी जुळत होता.

पुढचे काम त्याच आठवड्यात केले. जुना बुंधा खणून काढला. तो आतून कोरडा ठणठणीत होता, वाळवी नाही; हे कसे, तेही मला कळलेले नाही. दादांनी आपल्या बांधावरची बाभूळ तोडून खांब घडवून दिला. लाकडाचे पैसे घेईनात. म्हणाले, “द्यायचंच आसंल तर दोन पायल्या जोंधळा वत खड्ड्यात. वैरण समज.”

मी म्हणालो, हे मी लाकडाची किंमत म्हणून देतो, वैरण-बिरण नाही. आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. दादांनी आठवण करून दिली, “लाभ म्हण.” मी मोठ्याने “एक” म्हणालो. शेजारी दादा ओठातल्या ओठात “लाभ” म्हणाले, ते मला ऐकू आले. “दोन” मात्र आम्ही बरोबर म्हणालो.

खांब उभा केला. बाबूने त्याला चारी बाजूंनी ओळंबा लावला. सरळ लटकला, चारी वेळा. कौले पावसाच्या आत चढली, आणि त्या पावसाळ्यात एक दगड हलला नाही.

आता जे उरले ते. आमच्या घरात येणारा प्रत्येक जण खांबाला वळसा घालतो तो एकाच बाजूने. मुले, पाहुणे, पोस्टमन, कोंबड्या. जायचे डावीकडे असो की उजवीकडे, लांबचा फेरा पडला तरी तो घेतात आणि त्यांना ते कळत नाही. मी विचारले तर म्हणतात, कुठं काय? कारण मला सापडलेले नाही. वाचकांपैकी कुणाला सापडले तर कळवा. पण बोकड सुचवू नका. मी स्वतः रोज सकाळी कामावर निघताना मुद्दाम उलटा वळसा घालतो. दर वेळी खांद्याला काहीतरी जड, उबदार घासून गेल्यासारखे वाटते. मी ‘सरक’ म्हणतो आणि सायकल काढतो.

शेवटी दिले ते असे. बाबू गवंड्याला ठरलेली मजुरी, अधिक ओळंब्याचा सव्वा रुपया – कारण तो त्याने परत नेला नाही, म्हणाला, “त्यो आता बैल हाय, मला गवंडीकामाला न्हाई चालायचा.” दादांना लाकडाचे काही नाही. भगताला काही नाही. जोंधळा दोन पायल्या – कोणाला, ते मला सांगता येत नाही. पण मोजून दिला.