माळवदावरची मुलाखत

शेजारची सून लई कमी बोलायची. काय इचारलं की आधी डोईवरचा पदर नीट करायची, मग "व्हय आजी" म्हणायची. सासरा दिसला की हातातलं काम टाकून हुबी. आमच्यात तसंच असतंय. म्याबी जन्मभर तशीच उठले, गुडघे त्यातच गेले.

तिला कॉम्प्युटरात पीएचडी करायची हुती. अर्ज तिनं भरला, पर मुलाखत फोनवर, आन् आमच्या माकणी गावात रेंज माझ्याच माळवदावर. म्या जिन्यापाशी बसले. फोनातले सर इंग्रजीत इचारायचे, ही न अडखळता सांगायची.

तेवढ्यात सासरा वर आला. तिनं पदर घेतला, पर उठली न्हाय.

"आक्का, बसूनच बोलती व्हय ही?" त्यो मला म्हणला.

"जरा दम धरा भाऊ. साहेब इचारायलेत."

मग फोनातनं मराठीत आलं, "पुण्यात राहावं लागेल. घरचे पाठवतील ना?"

तिनं सासऱ्याकडं बघितलं न्हाय. "मी येणार, सर," म्हणली.

सासरा खाली उतरला. सांच्याला म्हशीला पाणी दावायचं काम सुनंचं. त्या दिवशी म्या वरनं बघितलं, तर बादली त्याच्या हातात हुती.