बातम्या स्वच्छ लागल्या तेव्हा

रेडिओ स्वच्छ ऐकू आला की अजूनही मी हातातलं काम टाकून उठते.

मोशीत आमच्या खोलीला लागूनच पत्र्याची शेड होती. तिथं अण्णा, म्हणजे माझे वडील, नव्या सोसायट्यांसाठी खिडक्यांच्या ग्रिलचं वेल्डिंग करायचे. त्यांचं मशीन चालू झालं की आईच्या रेडिओवर अशी खरखर उठायची, की बातम्या देणारी बाई कढईत तळली जातेय असं वाटावं. आईला पुण्याहून लागणाऱ्या प्रादेशिक बातम्या हव्या असत, त्याही शेवटच्या, पावसाच्या. तिचं माहेर मराठवाड्यातलं. मोबाइलवरच्या बातम्यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. आणि नेमकं मराठवाड्याचं नाव आलं की खरखर.

"आवं, दोन मिनिटं थांबा की," ती भिंतीवर थापट्या मारून ओरडायची.

"गाव काय पळून चाललंय का?" पलीकडून अण्णा म्हणायचे. मशीन काही थांबायचं नाही. भारी हट्टी माणूस.

मशीनची वायर जागोजागी सोललेली होती आणि काळी टेप गुंडाळून गुंडाळून जाड झाली होती. "ती वायर बदला," हे आईचं दुसरं पालुपद. अण्णा "बदलू" म्हणायचे. मागच्या पावसाळ्यात शेड गळायला लागली, तसे ते पायाखाली फळी टाकून काम करू लागले. मला ती ओली फळी बघवत नसे.

एका सकाळी बातम्या चालू असताना मध्येच खरखर गेली. शब्द न् शब्द लख्ख. चाकणची वाहतूक, धरणातलं पाणी, मग मराठवाड्यातला पाऊस. आईचा चेहरा फुलला.

"ऐकलं बाई एकदाचं माझं," ती म्हणाली. मी काही बोलायला गेले तर तिनं हातानंच गप्प केलं आणि बातम्या शेवटपर्यंत ऐकल्या. गावाकडं पाऊस झाला होता. मग तिनं चहा गाळला आणि ती बातमी सांगायला शेडमध्ये गेली. मी कणीक मळत होते. कप फुटल्याचा आवाज आला.

अण्णा फळीच्या बाजूला पडले होते. मी आधी मेन स्विच पाडला, पण त्याचा काही उपयोग नव्हता. लगेच कळलं असतं तर काय झालं असतं, हे आम्ही डॉक्टरांना विचारलं नाही.

शेड आता बंद आहे. आई रेडिओ अजून लावते. फक्त बातम्या सुरू झाल्या की काटा जरासा सरकवून ठेवते, खरखर येईल एवढा.