फळ्यांपलीकडचा घोडेवाला

दशावतारात पडदा नसतो. राजा आणि राक्षस लाकडी तलवारींनी एकमेकांना झोडपून काढतात आणि खेळ संपला की दोघे देवळामागे बसून एकाच किटलीतला चहा पितात. राक्षसाच्या तोंडावरचा रंग अजून ओला असतो आणि राजा त्याला म्हणतो, 'मेल्या, आज जोरात लागला रे!' त्या तलवारी कणकवलीचा गंगाराम मेस्त्री करायचा. हाताला हलक्या, वाजायला भारी. त्याच गंगारामाचे दोन मुलगे एकदा भांडले, आणि खेळ संपलाय हे त्यांना कोणी सांगितलंच नाही.

धाकटा मंगेश. थोरला दत्ताराम, पण त्याला दत्ताराम म्हणून हाक मारणारा आता कोणी उरला नाही. सगळ्यांचा तो भाई.

मंगळवारी दुपारी सावित्री नवऱ्याचा डबा घेऊन दुकानात आली तेव्हा मंगेश व्हिडिओ गेमचा रिमोट पुसत बसला होता. टीव्हीसमोरची बाकं रिकामी. सकाळपासून कुणी त्या रिमोटला हात लावला नव्हता, तरी तो पुसत होता.

"अवो, आयकलास? भाई चलले."

"खंय?"

"डोंबिवलीक. पोराकडे, अक्षयाकडे, कायमचे. शनिवारची गाडी आसा. तेंचो गाळो मोबायलची कव्हरां इकणाऱ्याक दिलो."

मंगेशने मान वर केली नाही. "जाऊंदेत. माका काय?"

"तुमका काय नाय? मगे तां बटाण कित्याक झिजवतास?"

सावित्री डबा ठेवून जरा थांबली. "बोला तेंच्याशी. अजून शनिवार इलो नाय."

"तेंका तोंड नाय?"

"दोघांकय तोंड आसा. म्हणानच तर ह्यां सगळा झाला."

ती गेली. मंगेशने डाव्या हाताच्या भिंतीकडे पाहिलं. ती भिंत नव्हती. फणसाच्या फळ्या होत्या, जमिनीपासून आढ्यापर्यंत. गंगारामाने घरच्या देव्हाऱ्यासाठी जपून ठेवलेल्या, सोन्यासारख्या पिवळ्या. आता त्या काळवंडल्या होत्या. त्यांच्या पलीकडे भाईचं दुकान.

एके काळी हा सगळा एकच हॉल होता. एसटी डेपोतून बाजाराकडे जाताना लागणारा, गंगारामाच्या कारखान्याचा. रंधा थांबला तेव्हा दोन्ही भावांनी भुसा झाडून काढला आणि तिथे टीव्ही मांडले. 'गंगाराम गेम'. वालावलपासूनची कॉलेजची पोरं शेवटच्या एसटीपर्यंत इथे पडीक असत. मंगेश खेळायचा आणि भाई दुकान सांभाळायचा. मंगेशच्या पाठीमागे पोरांची भिंत उभी राहायची. नाटकाच्या माणसाला ती उभी राहण्याची तऱ्हा कळते. श्वास धरून, पुढच्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून. तसा प्रेक्षक ज्याला एकदा मिळाला, त्याला दुसरं व्यसन लागत नाही.

मग मशीन बदलायची वेळ आली. दोन कंपन्या, दोन मशीनं, एक काळं, एक हिरवं, आणि ऐपत एकाचीच. काळ्यावर घोडेवाला होता. हरवलेल्या बहिणीला शोधत डोंगर पालथे घालणारा एकटा स्वार. हिरव्यावर टोपवाला, डोक्यावर लोखंडी टोप घातलेला शिपाई, आणि त्याच्याबरोबर चौघांना एकदम लढता यायचं. काळ्याचा खेळ हिरव्यावर चालत नसे आणि हिरव्याचा काळ्यावर. कंपन्यांनी तसा नेमच करून ठेवला होता. ज्याला घोडेवाला हवा, त्याने काळ्याच्याच दारात यायचं.

"चौघां एकदम खेळतली तर चार बाकां भरतली," भाई म्हणाला.

"घोडेवाल्यासारखो खेळ दुसरो नाय. पोरां बघूक येतली."

"बघूक येतली ती तुका. माझ्या दुकानाक काय तेचा?"

हे बोलणं भर दुकानात, पोरांच्या देखत चाललं होतं. पोरं होती म्हणूनच मंगेशला चेव आला. टाळीची वाक्यं अशीच वाईट असतात. ती सुचतात तेव्हा फार गोड लागतात.

"तुका खेळूक येता खंय, भाई? तू आपलो बाकां पूस."

पोरं हसली. फार मोठ्याने नाही. भाई बाक पुसतच होता. त्याने फडकं नीट घडी घालून खिडकीत ठेवलं आणि तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी येताना त्याने घरच्या माळ्यावरच्या फळ्या काढून आणल्या.

दोघेही सुताराचे मुलगे. भाईने एका बाजूने खिळे मारले आणि मंगेशने दुसऱ्या बाजूने, न बोलता. पण काम असं चोख झालं की फळीला फळी घट्ट बसली आणि डोळा लावायलाही फट उरली नाही. बाप असता तर त्याने आधी दोघांच्या कानफटात मारली असती, मग सांध्यावरून बोट फिरवून मान डोलावली असती.

काळं मशीन अलीकडे, हिरवं पलीकडे, दोन्ही उधारीवर आणलेली. काही वर्षं दोन्ही दुकानं तुडुंब चालली. इकडून टापा, तिकडून तोफा. एकाने आवाज वाढवला की दुसरा वाढवायचा, आणि पोरांना ती मजा वाटायची, एकाच जत्रेला दशावताराच्या दोन कंपन्या उतरल्यासारखी. घरचा गणपती मात्र एकच राहिला. आरतीत भाई एका बाजूला, मंगेश दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये देव. बोलायचं ते देवाशी. "देवा, कापूर संपलो," भाई मूर्तीकडे बघत म्हणायचा. "देवा, कापूर फडताळात आसा, डोळ्यांनी दिसता," मंगेश मूर्तीलाच सांगायचा. बायका पदराआड हसायच्या. पुढे पुढे त्याही हसेनाशा झाल्या.

आणि मग पोरं यायची थांबली. आधी फोनमुळे, असं मंगेशला वाटलं. फोनचं त्याला फारसं भय नव्हतं. फोनवर काय, पत्ते आणि गोळीबार. घोडेवाला फोनवर नाही, कुठेच नाही, फक्त माझ्याकडे आहे. या एका वाक्यावर तो माणूस रोज शटर उघडत होता.

ते वाक्य सलोनीने मोडलं. सलोनी त्याच्या दुकानात वाढलेली, परबांची मुलगी, आता कॉलेजात. गेल्या पावसाळ्यानंतर ती त्याला डेपोत भेटली. तिच्या हातात वहीएवढं एक यंत्र होतं, मध्ये पडदा, दोन्ही बाजूंना बटणं. बाबा बोटीवर असतात, त्यांनी आणलेलं. पडद्यावर घोडेवाला डोंगर उतरत होता.

"ह्यां काय गो? ह्यां मशीन काळ्याचा?"

"नाय, मंगेशकाका. ह्यां तिसऱ्याच कंपनीचा."

"मगे घोडेवालो हेच्यात कसो इलो?"

"तो आता सगळीकडे इलो. हिरव्यावर, कॉम्प्युटरवर. पुढे म्हणे मशीन खंयचा ह्यां कोण इचारूचोच नाय. हातातला घेवचा नि खेळाचा. डिस्कपण रवाची नाय." तिने यंत्र पुढे केलं. "खेळतास?"

बाकावर आणखी तिघे बसले होते, आपापल्या हातात बघत. एकमेकांच्या खांद्याला खांदा लागलेला, पण कुणी कुणाच्या खेळात डोकावत नव्हतं. मंगेश म्हणाला, "माका गाडी आसा." त्याला कसलीही गाडी नव्हती.

कंपनीचा गाजलेला नट दुसऱ्याच कंपनीच्या खेळात उभा राहिला, की पहिल्या मालकाच्या तोंडाकडे बघू नये. मंगेशने ज्याच्यासाठी भाऊ तोडला, तो स्वार असा दारोदार हिंडत होता. मग फळ्या कशासाठी मारल्या? हे त्याने सावित्रीलासुद्धा विचारलं नाही. रोज येऊन रिमोट मात्र पुसत राहिला.

आता शनिवार जवळ आला होता. बुधवारी मंगेश मुद्दाम भाईच्या वेळेला चहाच्या टपरीवर जाऊन उभा राहिला. 'भाई, जाव नको.' तीन शब्द. पाठ केलेले. भाई आला, मंगेशच्या बाजूलाच उभा राहिला, टपरीवाल्याला "साखर कमी" म्हणाला आणि चहा पिऊन गेला. वाक्य पाठ असून काय उपयोग, एन्ट्रीच मिळाली नाही. गुरुवारी त्याने दुकानात कुणी नाही असं पाहून ते वाक्य फळ्यांना म्हणून बघितलं. फळ्यांनी ऐकून घेतलं. पलीकडून खोकल्याचा आवाज आला तसा त्याने घाबरून टीव्ही मोठा केला.

शुक्रवारी दुपारी टेम्पो आला. पलीकडे बाकं उचलल्याचे, सरकवल्याचे आवाज झाले. मंगेश जागचा हलला नाही. टेम्पो गेला. मग बराच वेळ शांत, आणि त्या शांततेत टापा वाजल्या.

त्याने आपल्या टीव्हीकडे पाहिलं. टीव्ही बंद होता. टापा फळ्यांतून येत होत्या. मागे ती बासरी, घोडेवाला पुलाजवळ आला की वाजणारी. मंगेश ती झोपेतही ओळखेल. मग मडमड आवाज करत पूल कोसळला आणि स्वार नदीत पडला. पुन्हा टापा, पुन्हा बासरी, पुन्हा मडमड.

मंगेशच्या डोक्यात रक्त चढलं. माझा खेळ! भाईने चोरून काळं मशीन घेतलं? जाता जाता माझ्या नाकावर टिच्चून? सलोनीने सांगितलेलं सगळं त्या क्षणी तो विसरला. तो शटरखालून बाहेर पडला, कोपरा वळला आणि ज्या दारात इतक्या वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं, त्या दारात भांडायला उभा राहिला.

हॉल रिकामा होता. भिंतींवर पोस्टरचे चौकोनी डाग, एक टीव्ही, एक बाक. बाकावर भाई, पाठमोरा. मान केवढी बारीक झाली होती त्याची. पुढ्यात हिरवंच मशीन होतं. आणि पडद्यावर मंगेशचा घोडेवाला नदीत पडत होता.

भाईने मागे वळून पाहिलं नाही. पावलांवरूनच ओळखलं असावं.

"कसो जातत रे हयसून?" तो म्हणाला.

कालच चहाला भेटल्यासारखं. मंगेशचं भांडणाचं वाक्य गेलं, पाठ केलेलं वाक्यही गेलं.

"टेम्पो गेल्यापासून पडतंय," भाई म्हणाला. "म्हटलां, जाण्याआधी बघूया तरी, फळयो कित्याक मारल्यो ता."

"आण हडे," मंगेश म्हणाला आणि बाकावर बसला. हा पूल त्याने डोळे मिटून पार केला असता. त्याने रिमोट घेतला, घोडा दौडवला, बासरी वाजली, पहिली फळी, दुसरी फळी. नेमक्या वेळी त्याचा अंगठा डावीकडे वळायच्या कळीवर गेला. पण हिरव्याच्या रिमोटवर ती कळ तिथे नव्हती. काळ्याची जिथे असते तिथे इथे दुसरंच बटण होतं. भर पुलावर घोडेवाला शांतपणे घोड्यावरून खाली उतरला. दोघेही नदीत.

त्याने पुन्हा केलं, पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा तो अंगठ्याकडे बघत खेळला, तरी घोडेवाला उतरलाच. ज्याच्यामागे पोरांची भिंत उभी राहायची, तो माणूस आपलाच खेळ भावाच्या मशीनवर खेळू शकत नव्हता. त्याने कधी या मशीनला हातच लावला नव्हता. निष्ठा!

"तुका तरी खंय येता?" भाई म्हणाला.

मंगेशने त्याच्याकडे पाहिलं. भाई हसत होता, निदान डोळे पुसत नव्हता म्हणून हसत होता म्हणायचं. ते वाक्य त्याने किती वर्षं जपून ठेवलं होतं कोण जाणे. देताना मात्र असं दिलं, जसा राक्षस राजाला चहाचा पेला देतो.

"नाय येणा," मंगेश म्हणाला. "भाई, माका काय येणा नाय." आणि मग जे फळ्यांना म्हणाला होता ते म्हणाला. "जाव नको."

भाईने रिकाम्या हॉलकडे हात केला. "बाकां गेली, मंग्या. किल्ली दिलंय. अक्षयान खोली बघून ठेयली. नि रवान करू काय? हंय तू एकटो, थंय मी एकटो, मधी फळयो. पोरां येणत नाय. येवचीय नाय."

मंगेशने आणखी एकदा घोडा दौडवला आणि पुन्हा नदीत घातला.

भाईने रिमोट त्याच्या हातातून काढून घेतला. या बटणांवर वर्षानुवर्षं फडकं फिरवून त्याच्या बोटांना ती पाठ झाली होती. "मी दाबतंय. तू सांग."

घोडा निघाला. बासरी वाजली.

"सावकाश. आता जोरात. डाव्या हाताक, भाई, डाव्या! उडी घाल! मेल्या, उडी घाल!"

घोडा उडाला. मागे पूल कोसळला, आणि टापा खडकावर वाजल्या. भाई बाकावरून अर्धा उठला होता. पलीकडच्या काठावर धुकं विरलं आणि डोंगर दिसायला लागले. एकामागे एक, पडदाभर, निळे.

भाई त्यांच्याकडे बघत राहिला.

"ह्यां सगळा आसा अजून?"

"व्हय."

"शनिवारपर्यंत होयत?"

शनिवार उद्याच होता. मंगेशने मान हलवली. "होवचा नाय, भाई."

बाहेर कव्हरंवाला दार मोजायला आला होता. टेप हातात धरून तो उंबऱ्याशी घुटमळला आणि आत दोघे म्हातारे होत आलेले भाऊ एकाच बाकावर बसलेले पाहून मुकाट्याने बाहेरच्या पायरीवर टेकला.

भाई पुन्हा खाली बसला आणि त्याने रिमोट दोन्ही हातांत नीट धरला.

"सांग," तो म्हणाला. "आता खंय?"