अंग, देह आणि सुजाताताईंचा अंगठा

शुक्रवारी सकाळी साडेसात वाजता सुजाताताईंचे पती विलास मेश्राम यांचा फोन आला. "सुजाता गेली," ते म्हणाले. "पहाटे... झोपेतच." मस्कतच्या मराठी मंडळाच्या गटावर टाकायची चार ओळींची बातमी मी लगेच लिहिली. वय अठ्ठावन्न. वादी कबीरच्या एका भारतीय शाळेत बावीस वर्षे चित्रकला शिक्षिका. हृदयविकाराने निधन. पार्थिव नागपूरला नेण्यात येणार. 'पार्थिव' या शब्दापाशी हात थांबला. सुजाताताईंनी विचारले असते, "अंग म्हणायला अजून लाजता का हो?" बातमीत पार्थिवच ठेवले. पण आमची ओळख एका शब्दावरून झाली होती, आणि त्या शब्दाच्या बाबतीत चूक माझी होती.

नऊ वर्षांपूर्वी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादन माझ्याकडे होते. दिवसा रुवीतल्या वृत्तपत्रात नोकरी, सुट्टीच्या दिवशी अंक. प्रवासवर्णने आणि पाककृतींच्या गठ्ठ्यात एक चौदा पानी लेख आला: आजच्या कोरियन चित्रकर्ती बाईचे शरीर कसे रंगवतात. लेखिका मस्कतच्याच दार्सैत भागात राहणारी, मूळ भंडारा जिल्ह्यातली. हिला कोरिया कुठे भेटला, असे मला वाटले. उत्तर सोपे होते. विलासराव एका कोरियन कंपनीच्या प्रकल्पावर अभियंता होते, आणि त्यांच्या सहकाऱ्याची पत्नी, किमबाई, ही सुजाताताईंची मैत्रीण. दोघी मिळून भाजी आणत. किमबाईंनी त्यांना कोरियन लिपी शिकवली, पुढे भाषा. प्रकल्प संपल्यावर मायदेशी जाताना त्या चित्रप्रदर्शनांच्या पुस्तिकांनी भरलेले दोन खोके मेश्रामांच्या घरी ठेवून गेल्या. सुजाताताईंनी ते सहा वर्षे वाचले.

लेख उत्तम होता. मात्र त्यात पानोपानी 'अंग' होते. तो शब्द मला ग्राम्य वाटला. वाचक काय म्हणतील, असेही वाटले. मी संगणकाला एक आज्ञा दिली, सगळीकडे 'अंग'च्या जागी 'देह' आले, आणि मी पाने छपाईला पाठवली. अंक हातात पडल्यावर कळले की संगणकाने आज्ञा तंतोतंत पाळली होती. कोरियन बाईच्या घरापुढचे अंगण 'देहण' झाले होते, अंगाई 'देहाई' झाली होती, आणि राजघराण्यातल्या स्त्रिया 'देहरखा' घालत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज शांत होता. "उपसंपादक, छान देहठा दाखवलात मला."

मी माफी मागितली. शुद्धिपत्र छापतो म्हणालो.

"शुद्धिपत्रात अंगण परत कराल, अंगाई परत कराल. अंग परत कराल का?"

मग त्यांनी घरी बोलावले. पुढे नऊ वर्षे त्या मला उपसंपादकच म्हणत राहिल्या. मी त्या हुद्द्यावर नाही, हे त्यांना ठाऊक होते.

दार्सैतच्या त्यांच्या बैठकीच्या खोलीत जेवणाचे टेबल नव्हते. त्या जागी ड्रॉइंग बोर्ड होता आणि भिंतीला लागून ते दोन खोके. त्यांनी चित्रे दाखवायला सुरुवात केली. जुन्या चित्रांतली, पुरुषांनी रंगवलेली सुंदरी... मान कललेली, बोटे कपड्याच्या गाठीशी, नजर खाली. मग आजच्या चित्रकर्ती. कागद तोच, थरावर थर देऊन चढवलेले, दगड कुटून केलेले रंगही तेच, बाई मात्र दुसरी. बाळंतपणानंतरचे ओघळलेले पोट. शस्त्रक्रियेची शिवण. फरशीवर ऐसपैस बसून पायाची नखे कापणारी एक प्रौढा, जिला कुणी पाहते आहे की नाही याची फिकीर नाही. सगळ्याच चित्रकर्ती त्यांना पटत होत्या असे नाही. दोघींबद्दल त्यांनी सरळ सांगितले, "या अजून बघणाऱ्याला खूश करतायत." नखे कापणारीवर बोट ठेवून म्हणाल्या, "आणि ही स्वतःच्या अंगात राहते. मला पुस्तक लिहायचंय ते यावर."

शब्दाचे कारण त्यांनी त्याच दिवशी सांगितले. कोरियनमध्ये शरीराला विद्वानांचे शब्द आहेत, चिनी वळणाचे, आणि घरातला एक आहे: मोम. मी विचारले, "मोम म्हणजे मेण?" त्या खूप हसल्या. बाळंत होण्याला कोरियन बायका 'मोम मोकळे करणे' अशा अर्थाचे म्हणतात. "आपल्याकडे सुईण काय म्हणते? बाई मोकळी झाली. देह मोकळा झाला म्हटलंत तर लोक खांदा द्यायला येतील."

मग त्यांनी आईविषयी सांगितले. आई भाताच्या रोवणीला जायची, दिवसभर चिखलात वाकून. पाच बाळंतपणांनंतर तिचे गर्भाशय खाली उतरले. "आंग भायेर येते वो," एवढेच ती शेजारणीला सांगायची, तेही हळू. वीस वर्षे ती तशीच रोवणीला गेली. अखेर सुजाताताईंनी तिला नागपूरच्या दवाखान्यात नेले तेव्हा शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर आईने अंगठा उठवला. तिला लिहिता येत नव्हते. "तिच्याकडे गर्भाशयाला शब्द नव्हता, शरीराला नव्हता. दोन्हीला मिळून एकच होता," सुजाताताई म्हणाल्या. "तो तुम्ही काढलात."

अंकातली चूक दुरुस्त करता आली नाही. पुस्तकात ती होऊ नये म्हणून मुद्रिते तपासायचे काम त्यांनी माझ्यावर टाकले. पुस्तकाला सात वर्षे लागली. शाळा, वह्या, वार्षिक प्रदर्शने सांभाळून त्या रोज दोन तास लिहीत. पुण्याच्या प्रकाशकाने हस्तलिखित स्वीकारले, पण नाव बदलून मागितले. 'अंग' नको, 'स्त्रीदेह' घ्या, दुकानात बरे दिसते. सुजाताताईंनी नकार दिला. प्रकाशक म्हणाले, अंतिम मुद्रिते परत येतील तेव्हा ठरवू.

मुद्रिते त्यांच्या मृत्यूच्या तीन आठवडे आधी आली. त्यांनी तपासायची नवी रीत काढली. जिथे जिथे 'अंग' बरोबर छापले होते तिथे समासात बरोबरची खूण न करता त्या निळ्या शाईचा अंगठा उठवत. मी हरकत घेतली, छापखान्यात गोंधळ होईल म्हणालो. "होऊ द्या. तुमच्या देहठ्यावर माझा अंगठा," त्या म्हणाल्या. "आणि आईची सही आहे ती."

नागपूरहून परतल्यावर विलासरावांनी मला घरी बोलावले. बोर्डावर मुद्रिते होती, शेजारी शाळेतला स्टँप पॅड, झाकण लावलेला. प्रकाशकांचा निरोप आला होता: बाई आता नाहीत, पुस्तक चालायला हवे, नाव 'स्त्रीदेह' करून टाकू या का? तुम्ही म्हणाल तसे.

"मला यातलं कळत नाही," विलासराव म्हणाले. "तुम्हीच सांगा काय करायचं."

मी पाने उलटली. शेवटचा निळा अंगठा एकशे त्रेचाळीसाव्या पानावर होता. त्यापुढच्या सतरा पानांत 'अंग' अकरा वेळा आले होते. अकराही ठिकाणी बरोबर छापलेले, समास कोरा. मुखपृष्ठाच्या नमुन्यावर नावाची जागा रिकामी होती. तिथे 'अंग' लिहिले आणि खाली 'आहे तसेच ठेवावे' अशी नोंद केली. मग स्टँप पॅडचे झाकण काढले. शाई ओली होती. अकरा समासांत मी अकरा वेळा अंगठा उठवला, बारावा मुखपृष्ठावर. विलासराव शेजारी उभे राहून पाने धरत होते. त्याच दुपारी पाकीट पुण्याला रवाना झाले.

शाई साबणाने गेली नाही. दुसऱ्या दिवशी कार्यालयातल्या हजेरीच्या यंत्राने माझा अंगठा ओळखला नाही.