मामांचं सरकारी दार

दिल्लीत चौतीस वर्षं केंद्र सरकारची नोकरी करून एका दाराखेरीज कशावरही हक्क न सांगणारा, आणि ते दारही सरकारच्याच मालकीचं असणारा, माणूस मी एकच पाहिला. ते म्हणजे आमच्या हिचे मामा. ऑफिसात एका फायलीवर मत द्यायला ते तीन दिवस घेत, पण कुणाच्या घरी गेले की उंबऱ्यातच त्यांचा निकाल तयार असे. यजमान "या, या" म्हणत उभे, आणि मामा दाराच्या फळीवर उलटा हात फिरवत विचारत, "व्हार्निश का?" समोरच्याने मोठ्या अभिमानाने होय म्हटलं की मामा आत जाऊन चहा घेत, पण साखर किती विचारलं तर "काहीही चालेल" म्हणत. असं म्हणाले की ते घर त्यांच्या मनातून उतरलं, हे आम्हा नातेवाइकांना कळायचं.

लाकडाला फक्त तेल लावावं, तेही जवसाचं, दिल्लीच्या भाषेत अलसीचं, असं त्यांचं ठाम मत. "लाकूड लाकडासारखं दिसू द्या हो! व्हार्निश म्हणजे त्याला रेनकोट घातल्यासारखं. आणि ऑइलपेंट म्हणजे कफनच." सनमायकाबद्दल विचारलं तर नुसते हात जोडायचे. आता सांगायला हरकत नाही, माझं लग्नसुद्धा याच मतावर ठरलं. मामा आमच्या घरी स्थळ बघायला आले, माझ्याशी जेमतेम दोन वाक्यं बोलले आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन आईचा जेवायचा पाट उलटा करून बघत बसले. घरी जाऊन त्यांनी सांगितलं, "मुलगा साधारण आहे. पण पाटाला कुणी रंग फासलेला नाही. माणसं बरी असावीत." अजूनही आमचं वाजलं की ही म्हणते, "मला तुमच्याकडे पाट बघून दिलंय, तुम्हाला बघून नाही!"

त्यांची पद्धत मी इतक्या वेळा पाहिली आहे की झोपेतही सांगेन. पहिला हात निम्मं तेल, निम्मं टर्पेंटाइन. पुढचे हात नुसत्या तेलाचे, लाकडाच्या रेषा जातील त्या दिशेने. मग मामींच्या वरणाचा कुकर होईपर्यंत थांबायचं आणि वर राहिलेलं सगळं तेल कोरड्या फडक्याने पुसून काढायचं, उलटा हात फिरवला तर कोरडा निघेपर्यंत. "लावायला काय, गाढवही लावील जावईबापू. पुसायला अक्कल लागते!" फडकी म्हणजे मामींच्या जुन्या सुती साड्या. कुठली साडी जुनी, यावर त्या घरात कधीही एकमत झालं नाही. शिवाय तेलाची फडकी गोळा करून ठेवली तर आपोआप पेट घेतात, म्हणून ती एकेक पसरून बाल्कनीत वाळत घातलेली असत. वरच्या मजल्यावरच्या सरदारजींनी एकदा काळजीने विचारलं होतं, "भाईसाहब, घर में सब ठीक तो है? इतनी पट्टियाँ?"

आता ते दार. मामांना क्वार्टर मिळालं तेव्हा पुढच्या दारावर सरकारी हिरव्या रंगाचे किती थर होते ते ब्रह्मदेवालाच ठाऊक. पहिल्या उन्हाळ्यात मामांनी सुटीच्या दिवशी बसून फुटक्या काचेच्या तुकड्याने ते सगळे खरवडले आणि खालून सागवान निघालं. त्या संध्याकाळी त्यांनी कॉलनीत पेढे वाटले. लोकांना वाटलं, प्रमोशन झालं. तेव्हापासून दर दिवाळीनंतर त्या दाराला एक पातळ हात असे. मधूनच कॉलनीच्या दुरुस्ती-ऑफिसातून, ज्याला सगळे 'इन्क्वायरी' म्हणत, पेंटर येत. सरकारी नियमाने दार रंगवणं त्यांना भागच होतं. मग मामी पलंगावर आडव्या होत आणि खोकायला लागत. "पेशंट हैं, रंग की गंध से दमा उठता है," असं मामा चेहरा पाडून सांगत आणि पेंटरना चहा पाजून बोळवत. मामींना दमा असा फक्त पेंटर आले की व्हायचा. एरवी त्या तीन मजले दळण घेऊन चढत.

पण निवृत्ती आली, आणि निवृत्तीपुढे दम्याचं काही चालत नाही. क्वार्टर सोडलं की पुढच्या माणसाला देण्याआधी ते पूर्ण रंगवायचं, हा नियम. मामांनी दार वगळण्यासाठी रीतसर अर्ज केला. उत्तर आलं की दरवाजाला तेल लावणे ही बाब मंजूर कामांच्या यादीत नाही. ते वाचून मामा दोन दिवस जेवले नाहीत नीट. मामी म्हणाल्या, "अहो, पोरगी सासरी पाठवतानासुद्धा एवढं केलं नव्हतंत!" आणि मग या सद्गृहस्थाने जे केलं ते मी अजून विसरलेलो नाही. भर डिसेंबरात, जेव्हा तेल वाळत म्हणून नाही, त्यांनी त्या दारावर आठ दिवसांत आठ जाड हात चढवले आणि एकही पुसला नाही. "रंग धरणारच नाही आता," एवढंच म्हणाले. ज्याने जन्मभर पुसायची अक्कल शिकवली, त्यानेच!

पेंटरने अर्थातच रंग मारला. मामा-मामी फरीदाबादला आमच्या जवळच फ्लॅटमध्ये राहायला आले. तिथली दारं बाहेरून प्लाय आणि आतून पोकळ. मामांनी वाजवून बघितली आणि तेलाचा डबा माळ्यावर टाकून दिला. दिवसभर पेपर वाचत बसायचे. माणूस असा विझलेला बघवेना मला.

महिनाभराने फोन आला. क्वार्टरमध्ये मेरठकडच्या एक बाई राहायला आल्या होत्या, मंत्रालयात नोकरीला, बरोबर वयस्क सासूबाई. बाई भल्या होत्या, पण वैतागल्या होत्या. "अंकलजी, दरवाज़े पर पता नहीं क्या हुआ है, सूखता ही नहीं. माताजी की शॉल चिपक गई, खींची तो फट गई." फोन ठेवून मामा मला म्हणाले, "जावईबापू, स्कूटर काढा."

बाईंनी दार उघडलं तेव्हा हिरव्या रंगाला सुरकुत्या पडल्या होत्या आणि त्यावर दिल्लीची धूळ बसली होती. मामा उंबऱ्याबाहेरच थांबले. "ग़लती मेरी है जी. जानबूझके की है," म्हणाले आणि मान खाली घातली. अहो, सरकारी माणसाच्या तोंडून असं वाक्य मी तोवर ऐकलं नव्हतं! नंतर चार रविवार आम्ही जात होतो. मामा खरवडायचे, टर्पेंटाइनने तो चिकटा काढायचे. माताजी उन्हात खुर्ची टाकून मटार सोलत त्यांना बघत. शेवटच्या रविवारी मामीही आल्या, माताजींसाठी नवी शॉल घेऊन.

त्या दिवशी दार पुन्हा मूळचं सागवान झालं होतं, कोरडं, उघडं. मामांनी तेलाची बाटली बाहेर काढली आणि तशीच हातात धरून उभे राहिले. मग बाईंना म्हणाले, "दरवाज़ा अब आपका है. कहेंगी तो इन्क्वायरी से पेंट करवा दूँगा." बाईंनी सासूकडे पाहिलं. माताजी उठल्या, दारावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "गाँव में हमारा भी ऐसा ही था. रहने दो." मामांनी फडकं स्वतः न वापरता बाईंच्या हातात दिलं. त्या तेल लावत होत्या तेव्हा मामी आणि माताजी आत जाऊन बराच वेळ काहीतरी कुजबुजत होत्या आणि हसत होत्या. येताना मामींना विचारलं तर म्हणाल्या, "बायकांचं बोलणं."

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली, मामीही गेल्या. परवा एका कामासाठी त्या कॉलनीच्या बाजूला गेलो होतो. पाय आपोआप त्या जिन्याकडे वळले. मेरठच्या बाईंचीही केव्हाच बदली झाली होती. पाटीवर तिसरंच नाव होतं. दार मात्र लाकडाचं होतं, लाकडासारखंच दिसत होतं. एका तरुण मुलीने उघडलं. मी ओळख सांगितली आणि विचारलं, "याला रंग नाही लावला कुणी?"

ती हसली. "इन्क्वायरीवाले आते हैं अंकल. पर जब भी आते हैं, हमारी सास को दमा हो जाता है. पहलेवाली आंटी बताके गई थीं, इस घर में ऐसा ही होता है."

मला मामांची फार आठवण आली. तिचं लक्ष नाही असं बघून मी त्यांच्यासारखाच उलटा हात दाराच्या फळीवरून फिरवला. कोरडा निघाला. कुणीतरी तेल नीट पुसून काढलं होतं.